मोझाचे शनिवार

मोझाला आठवड्यातून एकच गोष्ट हवी असायची, ती म्हणजे शनिवारची झोप. वाळवंटाकाठच्या अल ऐन शहरात मुलींच्या शाळेत ती उपमुख्याध्यापिका. सोमवार ते शुक्रवार साडेपाचला उठायचं, सातच्या आत फाटकात उभं राहायचं, साडेचारशे मुलींचे नखरे झेलायचे आणि मुली परवडल्या अशा त्यांच्या आयांचेही झेलायचे. रविवार बहिणीकडे जेवणात जायचा. उरला शनिवार. आणि त्या एका शनिवारी पहाटे पाचला तिचा नवरा खलफान खोलीतला दिवा लावायचा.

"उठ गं. सहम दारात उभा आहे."

"राहू दे उभा. चार पाय दिलेत त्याला देवाने."

"ऊन चढलं की वाळूत त्याचे तळवे भाजतात."

"आणि माझं डोकं भाजतं, त्याचं काय?"

त्याचं काहीच नाही. खलफान तोवर थर्मास भरायला गेलेला असायचा. मोझा उशी तोंडावर दाबून पाच मिनिटं पडून राहायची. मग दारावर नखं घासल्याचा आवाज यायचा, आणि संपलंच सगळं.

सहम म्हणजे खलफानचा सलुकी, अरबांच्या शिकारी कुत्र्यांच्या जातीतला. सहम म्हणजे बाण. तीन वर्षांपूर्वी एवढंसं पिल्लू आणलं तेव्हा खलफानने हे नाव ठेवलं, कारण त्याच्या आजोबांकडे सलुकी होते आणि ते म्हणे हरणाला गाठायचे. वीजखात्यात टेबलामागे बसून बसून बावन्नाव्या वर्षी खलफानला आजोबा आठवायला लागले होते. शिकारीवर आता बंदी, पण शर्यती असतात. मैदानात गाडीच्या मागे खोटं हरीण बांधून पळवतात आणि त्याच्यामागे सलुकी सुटतात. पहिल्याच शर्यतीत हा बाण दोनशे पावलं गेला, थांबला, मागे वळला आणि रमतगमत प्रेक्षकांच्या तंबूत येऊन मोझाच्या मांडीवर डोकं ठेवून बसला. लोक पोट धरून हसले. खलफान मान खाली घालून गाडीकडे निघाला. मोझाने मात्र सगळ्या बहिणींना फोन करून सांगितलं.

"कुत्रा आहे तो, कुत्रा. त्याला काय कळतंय शर्यत!"

"सलुकीला कुत्रा म्हणत नाहीत," खलफान दर वेळी सांगायचा.

"मग काय म्हणू? साहेब म्हणू?"

म्हणायला हरकत नव्हती, इतके त्याचे थाट होते. शनिवारी त्याला पळवायला वाळवंटात न्यायचं, तर मागच्या सीटवर बसवलं की याला ओकारी होते, म्हणून हा पुढे बसणार. खलफानशेजारी, खिडकीतून नाक बाहेर काढून. आणि बावीस वर्षं संसार केलेली बायको मागे, पाण्याच्या कॅनांशेजारी, गुडघ्यांवर बलालीतचा, म्हणजे गोड शेवयांचा, डबा सांभाळत. वाटेतल्या पेट्रोल पंपावर शाळेतल्या एका मुलीच्या आईने एकदा हे दृश्य पाहिलं. सोमवारी अख्ख्या शिक्षकांच्या खोलीत तोच विषय. मोझाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बरं, जायचं नाही म्हटलं तर? एकदा तसंही करून पाहिलं होतं. खलफान एकटा गेला, गाडी रुतली, फोनची बॅटरी संपली, आणि दुपारी चारला तोंड लाल करून घरी आला. वाळूत शिरायच्या आधी टायरची हवा निम्म्यावर आणायची असते, हे तिथल्या पोरासोरांना कळतं. यालाही कळायचं. पण हा थोडीशी सोडायचा आणि म्हणायचा, "पुरे, मी काय आज चालवतोय?" परत आल्यावर भरायचा कंटाळा, दुसरं काही नाही. तेव्हापासून मोझा झक मारत जायची. निदान "हवा सोड, आणखी सोड" असं मागून ओरडायला कुणीतरी हवं ना.

त्या जानेवारीतल्या शनिवारी ती ओरडली नाही. आदल्या दिवशी पालकसभा होती, घसा बसला होता आणि डोकं ठणकत होतं. खलफानने टायर पायाने दाबून पाहिले, मान डोलावली आणि गाडी वाळूत घातली. दुसऱ्याच टेकडीवर चारही चाकं रुतली. सहमने खाली उडी मारली, वाळू हुंगली आणि गाडीच्या सावलीत अंग टाकलं.

"सांगायचं नाहीस का?" खलफान म्हणाला.

मोझाने फक्त कपाळावर हात मारला.

जवळच्या उंटांच्या वाड्यातून एक म्हातारा पिकअप घेऊन आला. अबू सुरूर त्याचं नाव, सत्तरीचा, काटकुळा, दाढी मेंदीने रंगवलेली. त्याने दोर बांधला, गाडी ओढून काढली, आणि मग खाली वाकून स्वतःच्या हाताने चारही टायरची हवा सोडली. बोलला काही नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. खलफानचे कान लालभडक झाले होते.

"चला, कॉफी घेऊन जा," म्हातारा म्हणाला. अशा बोलावण्याला नाही म्हणता येत नाही.

तंबूत तीन पाहुणे आधीच बसले होते आणि त्यांनी सगळं पाहिलं होतं. मोझा म्हाताऱ्याच्या बायकोशेजारी, उम्म सुरूरशेजारी, चुलीच्या बाजूला टेकली. सहम सरळ सतरंजीवर जाऊन मध्यभागी पसरला. अबू सुरूरने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला.

"माशाल्ला! काय छाती आहे! कंबर बघा, मुठीत मावेल. असं जनावर मी लहानपणी पाहिलं होतं, त्यानंतर आज."

खलफान म्हणाला, "तुमचाच समजा, काका. घ्या."

यात विशेष काही नाही. कुणी वस्तूचं कौतुक केलं की मालकाने "तुमचीच आहे" म्हणायचं आणि समोरच्याने "पोचली, आणि परत दिली" म्हणायचं, की विषय संपला. घड्याळं, गाड्या, उंट, सगळं रोज असं दिलं जातं आणि जागेवरच राहतं. अबू सुरूरही रीतीप्रमाणे म्हणाला, "पोचला, बाळा, आणि परत दिला. देव तुला लाभू देवो."

इथे गप्प बसायचं की नाही? पण समोर तीन माणसं, तीही गाडी ओढून काढताना पाहिलेली. खलफानला मोठेपणा करायची हुक्की आली. पाठ ताठ करून तो म्हणाला, "नाही काका. तुम्ही मला अडचणीतून काढलंत. अल्लाची शपथ, हा माझ्याबरोबर परत जाणार नाही."

शपथ घेतल्यावर म्हाताऱ्याने काय करायचं? नाही म्हटलं तर देणाऱ्याचा पाहुण्यांसमोर अपमान. तो खाली बघत म्हणाला, "देव तुझं भलं करो."

मोझा चार हातांवर होती. "अहो काका, यांचं काय ऐकता, डोक्यावर ऊन चढलंय त्यांच्या" एवढं हसत म्हटलं असतं तरी सगळे हसले असते आणि भागलं असतं. तिने तोंड उघडलंही. मग तिला पुढचा शनिवार दिसला. अंधारी खोली, बंद दार, दहापर्यंत झोप. तिने डोक्यावरची ओढणी नीट केली आणि उम्म सुरूरला विचारलं, "शेळ्या किती आहेत तुमच्याकडे?"

परतताना ती पुढे बसली. खलफानने गाडी हळू चालवली.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. मोझाला वाटलं होतं, नवरा दोन दिवस तोंड पाडून बसेल आणि सावरेल. पण हा माणूस पाचला उठायचाच. उठून अंगणात जायचा, नळ सोडायचा, बंद करायचा, पुन्हा आत यायचा. जेवायला बसला की ताटातलं मांस बाजूला काढून ठेवायचा आणि मग त्या ढिगाकडे बघत राहायचा. बुधवारी मोझाचा पारा चढला.

"जा ना मग, माग परत! एवढं काय त्यात?"

"शपथ घेतली आहे."

"शपथ सोडवता येते. दहा गरिबांना जेवू घाल. मी रांधते, शंभर जणांचं रांधते!"

"शपथेचं नाही गं. त्या चौघांसमोर काय तोंड घेऊन उभा राहू? दिलेलं परत मागायला आला म्हणतील. तेही गाडी रुतवून."

"तोंड, तोंड! त्या तोंडापायी घास उतरत नाही, त्याचं काही वाटत नाही का तुला?"

मोझा तणतणत स्वयंपाकघरात गेली आणि तिथे ओट्यापाशी उभी राहून रडली. तिला नवऱ्याचा राग आला होता, म्हाताऱ्याचा आला होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. सहम नाही म्हणून तिला बरं वाटायला हवं होतं. रविवारी संध्याकाळपर्यंत वाटलंही. मग घर नको इतकं शांत झालं. कुठेही बसलं तरी मांडी रिकामी. त्या लाडोबाचं डोकं किती जड होतं, तेव्हा तर नुसता वैताग यायचा.

शनिवारी पहाटे पाचला दिवा मोझाने लावला.

"उठ. गाडीत बस."

"कुठे?"

"बस म्हटलं ना! प्रश्न विचारू नकोस."

चालवायला ती बसली. डांबरी रस्ता संपला तिथे उतरून, गुडघ्यावर बसून, तिने चारही टायरची हवा मोजून सोडली. एकदाही न रुतता गाडी तंबूपाशी नेऊन उभी केली. तेच तीन पाहुणे दर शनिवारसारखे बसले होते. सहम कुठे दिसत नव्हता. विकला तर नसेल? कुणाला दिला तर नसेल? इथे काही सांगता येत नाही, उद्या तिसऱ्याच कुणी कौतुक केलं असेल.

सलाम झाले, खुशाली झाली. अबू सुरूरने स्वतः दांडीच्या किटलीतून कॉफी ओतली आणि छोटा कप मोझाच्या हातात दिला. मोझाने तो घेतला आणि समोर सतरंजीवर ठेवून दिला.

खलफानने डोळे मिटून घेतले. पाहुणे कपाकडे बघायला लागले. कप असा खाली ठेवला की त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो: माझं मागणं आहे, ते पुरं करा, मग पिईन. मुलासाठी सून मागायला गेलेला बाप असं करतो, किंवा भांडण मिटवायला आलेला टोळीचा वडीलधारा. शाळेतली बाई कुत्र्यासाठी असं करते हे कुणी ऐकलेलं नव्हतं. पण पाहुण्याची कॉफी गार होऊ दिली तर घराची अब्रू जाते, मग मागणारा कुणी का असेना.

"पी, पोरी," अबू सुरूर म्हणाला. "मागशील ते दिलं."

"सहम द्या, काका."

म्हाताऱ्याने एवढा मोठा श्वास सोडला की दाढी हलली. "ने बाई, ने! आत्ता ने! आठ दिवस झाले, अन्नाला तोंड लावत नाही. दूध दिलं, मांस दिलं, खजूर दिले. माझा घास त्याच्यासमोर ठेवला. रविवारीच मी स्वतः आणून सोडणार होतो. पण तुझ्या नवऱ्याने शपथ घालून ठेवलेली. परत आणला असता तर म्हणाला असता, म्हाताऱ्याने माझी देणगी तोंडावर फेकली."

"आणि मी म्हटलं, मागायला गेलो तर तुम्ही काय म्हणाल," खलफान पुटपुटला.

मोझाने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "वा! म्हणजे दोन शहाण्यांनी एकमेकांचा मान राखायचा, आणि त्या मुक्याने उपाशी मरायचं! धन्य आहे तुमची!"

पाहुण्यांतला एक जण हसायला लागला, मग सगळेच. अबू सुरूर ओशाळून दाढी खाजवत उठला आणि खलफानला घेऊन तंबूमागे गेला. तिथून कुणीतरी वेड्यासारखं केकाटल्याचा आवाज आला. मग खलफानचा आवाज, अगदी लहान मुलाशी बोलावं तसा.

उम्म सुरूरने मोझाच्या हातावर हात ठेवला. "एक विचारू, मुली? त्या दिवशी तू माझ्या शेजारीच होतीस. नवरा शपथ घेत होता तेव्हा बोलली का नाहीस? आजचा तुझा तोरा बघता तू गप्प बसणारी वाटत नाहीस."

पुरुष बोलत होते, मी कशी बोलणार, असं उत्तर मोझाच्या ओठांवर आलं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. "खाला, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. म्हटलं, बला गेली. मुद्दाम गप्प बसले मी."

बोलून तिने वर पाहिलं तर खलफान तंबूच्या दारात उभा. हातात दोरी, पायाला बिलगलेला सहम. हडकुळा झाला होता, बरगड्या दिसत होत्या. खलफानने सगळं ऐकलं होतं. मोझाचा चेहरा उतरला.

"मला ठाऊक आहे," तो हळूच म्हणाला. "शपथ घेताना मी तुझ्याकडेच बघत होतो. म्हटलं, आता ही ओरडेल."

"मग घेतलीस कशाला?"

"तू ओरडशील म्हणूनच घेतली ना. तुझ्या जिवावर बोलतो मी असलं काहीतरी. बावीस वर्षं."

सहम तिच्याजवळ आला आणि त्याने मांडीवर डोकं ठेवलं. उम्म सुरूर म्हणाली, "अगं, आधी ती कॉफी तरी पी."

मोझाने कप उचलला. कॉफी पार गार झाली होती. तिने ती एका घोटात संपवली आणि दुसरी ओतून घ्यायला कप पुढे केला.