पाळकसाहेबांचा चष्मा

अंत्यविधीआधी कुणीतरी पाळकसाहेबांच्या डोळ्यांवर त्यांचा चष्मा ठेवला. बरं दिसलं ते. आमच्या गावच्या अँग्लिकन चर्चचे हे पाळक विद्वान म्हणूनच सगळ्यांना माहीत होते. हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकले, पाळक होणाऱ्या मुलांना त्या शिकवल्या, जुन्या स्तोत्रांवर जाडजूड पुस्तकं लिहिली आणि मग प्राध्यापकी सोडून, स्वतः मागून घेऊन, या लहानशा मंडळीत आले. चष्म्याशिवाय ते परकेच वाटले असते.

मी ख्रिस्ती नाही, त्यांचा शेजारी. पण रविवारी मागच्या बाकावर जाऊन बसायचो. शास्त्रपाठ ते चष्मा लावून वाचत. उपदेशाला उभे राहिले की चष्मा काढून सरळ खिशात टाकत. एकदा विचारलं, तर हसून म्हणाले, "अहो, वाचायचा चष्मा हा. लावला की पुस्तक दिसतं, तुम्ही सगळे धूसर होता."

तेव्हापासून विद्वान मी असाच पारखतो. चष्मा कधीच न काढणारे ढिगाने पाहिलेत. समोरचा माणूस त्यांना तळटिपेएवढा दिसतो. साहेब मात्र चष्मा काढून बघायला लागले, की मागच्या बाकावरच्या मलाही वाटायचं, हे माझ्याशीच बोलताहेत.

शवपेटी बंद करायच्या आधी त्यांच्या पत्नी पुढे झाल्या. त्यांनी चष्मा अलगद काढला आणि मिटून हातात घेतला.

"राहू द्या ना, बाई," कुणीतरी म्हणालं.

"नको," त्या ठामपणे म्हणाल्या. "वाचायचं ते वाचून झालं त्यांचं. आता माणसं भेटायची आहेत."