हबीबभाऊंचा पिस्टन

हे माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळ नाही, ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्याजवळ तर नाहीच. आता लिहायला बसलोय, तर हात पुन्हा दुसरीकडेच जातोय — शाईची दौत सरळ कर, कागद झटक. तुम्ही समोर बसला आहात असं धरतो. तुम्ही काही विचारू नका. मी सांगतो, जमेल तसं.

मी कोकणातला, खाडीकाठचा. शाळा चौथीत सुटली. सुटली म्हणजे काय — घरात खाणारी तोंडं जास्त, म्हणून मला एका ओळखीच्याबरोबर बाहेर लावून दिलं. फिरत फिरत सागाची लाकडं वाहणाऱ्या ट्रकवर क्लीनर झालो आणि चांदा जिल्ह्यात आलो. तेव्हा गडचिरोली, अहेरी सगळं चांद्यातच होतं. अहेरीला मला ताप भरला. हिवतापच होता तो, दातावर दात वाजायचे. ट्रकवाल्यानं मला एका घराच्या ओट्यावर उतरवलं, येताना घेऊन जातो म्हणाला आणि गेला. परत आलाच नाही.

तो ओटा हबीबभाऊंचा. बाजाराच्या दिवशी स्टो, बत्त्या, शिलाईच्या मशिनी दुरुस्त करून द्यायचे. त्यांच्या बायकोनं, भाभींनी, मला विचारलं की तुझी आई तापात काय देते. मी म्हटलं, पेज. त्यांनी पेज केली. शुद्धीवर आलो तेव्हा पायाशी गोधडी होती आणि उशाशी पाणी. एवढंच. पण एवढं तरी मला आधी कुणी दिलं होतं का? मी त्या घरात राहिलो. वीस-एकवीस वर्षांचा बाप्या, पण रोज सकाळी उठताना वाटायचं, आज हे मला जा म्हणतील. कुणी तसं कधी सूचितही केलं नाही. ती भीती माझी मीच बरोबर आणलेली होती.

आता गाडीचं सांगतो. नाही, आधी साहेबाचं सांगायला हवं.

इंग्रजांच्या काळात जंगलखात्याचा एक साहेब होता. त्याच्याकडे मोटरसायकल होती — सडकेवर पळवायची नाही, दगडाधोंड्यांतून हळूहळू चढवायची. गावाबाहेरच्या नाल्याचं कोरडं पात्र मोठमोठ्या दगडांचं. साहेब त्यातून खालून वर जायचा, दोन्ही पाय गाडीवरच ठेवून. विलायतेत म्हणे याच्या शर्यती असतात. वेगाला किंमत नाही, पाय जमिनीला टेकला की डाव गेला. हबीबभाऊ तेव्हा तरणे, विश्रामगृहात पाणी भरायचे. काठावर उभे राहून साहेबाचे पाय बघायचे. पुढे साहेब गेला आणि गाडी विश्रामगृहाच्या पडवीत गंजत पडली. तशीच आणखी एक, मोडकी. दोन्ही लिलावात निघाल्या तेव्हा भाऊंनी बैलगाडीत घालून घरी आणल्या.

त्या दोन मेलेल्या गाड्यांतून एक जिवंत करायची हे त्यांचं वेड होतं. कामधंदा संपला की अंगणात चिंचेखाली बसायचे. मी मदतीला. घासलेटात एकेक नट धुवायचा. काजळी काढायची ती बांबूच्या कामटीनं, लोखंडानं नाही, ओरखडा उठतो म्हणून. सुट्या पार्टांचं कुठलंही दुकान नव्हतं, सगळं घासून, ठोकून, जुळवून. पिस्टन दुसऱ्या गाडीचा होता, तो नळकांड्यात बसेपर्यंत भाऊंनी कितीतरी दिवस हातानं घासला. मोजायचं साधन नव्हतं. बोटं होती. तेलाचं बोट लावून पिस्टन आत सोडायचे आणि बघत बसायचे.

"पाह्य कोकन्या," ते म्हणायचे, "आपल्याच वजनानं उतरला पाह्यजे. जावई सासुरवाडीले येते नं, तसा. घाई नाई, पन थांबत बी नाई."

"तुम्ही तर आलते धावत," भाभी चुलीपासून म्हणायच्या.

भाऊंचं एकच म्हणणं होतं — एकदा, फक्त एकदा, पाय न टेकवता तो नाला चढायचा. मग गाडी विकली तरी चालेल. विकणार नव्हते, हे आम्हाला माहीत होतं.

इंजिनात घालायचं तेल चांद्याहून यायचं. एका ओळखीच्या ड्रायव्हरनं डबा आणून दिला, तो भाऊंनी खाटेखाली ठेवला. भाऊ आलापल्लीला गेलेले असताना मी तो डबा अंगणात काढला. कशाला? साखळीला दोन थेंब द्यायला. झाकण उघडं ठेवून आत गेलो. बाहेर आलो तर बकरी. डबा आडवा, तेल जमिनीत, तळाशी थोडंसं उरलेलं.

एवढंच असतं तर हा कागद लिहावा लागला नसता. बकरीनं तेल सांडलं — यात काय आहे? भाऊंनी बकरीला शिवी दिली असती, मला दोन. तुम्हाला कळतंय, मलाही कळत होतं. तरी मला एकच दिसलं — आता हे मला जा म्हणतील. मी चुलीतली राख आणून डागावर पसरली आणि स्वयंपाकघरातली टोळीच्या तेलाची बरणी उचलली.

टोळी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल तिकडे घरोघर — दिव्याला, अंगाला, तळणाला. मी ते डब्यात ओतलं, आधी होतं त्या खुणेपर्यंत. दिवाळी नुकतीच झाली होती, दुपारची उन्हं कडक, तेल पातळ, पिवळं. भाभींनी संध्याकाळी विचारलं, तेल एवढं कसं सरलं? मी म्हटलं, दिव्यांना लागलं.

मग भाऊंनी स्वतःच्या हातानं, मलमलीतून गाळून, ते गाडीत भरलं. त्या गाडीला तेलाची टाकी वेगळी होती, तिथून बारीक नळीतून ते इंजिनात उतरायचं. भाऊ तपकीर ओढायचे, नाकाला वास कमीच. गाडी सुरू झाली. आळीतली पोरं नाचली. भाभी दारात आल्या, नाकाला पदर लावून म्हणाल्या, "ही गाडी भजे तळून राह्यली काय?"

सगळे हसले. भाऊ सगळ्यांत जास्त हसले. मीही हसलो — तो माझा हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

गाडी दुपारी तासभर चालली, बरी चालली. मी स्वतःला सांगितलं, तेल ते तेल. पुढे कामाचे दिवस आले, गाडी झाकून राहिली. नाला चढायचं ठरलं ते पुसात, म्हणजे पौषात, पाणी आटल्यावर. बाजाराच्या दिवशी, बाजार भरायच्या आधी, सकाळी.

आता त्या सकाळपाशी आलोय, आणि पुन्हा मागे फिरावंसं वाटतंय.

लोक म्हणतील, कोकणातला माणूस, त्याला काय माहीत मोहाचं तेल. मीही कितीदा हेच म्हणून बघितलं आहे, रात्री, स्वतःला. पण मला माहीत होतं. ते तेल थंडीत थिजतं, तुपासारखं पांढरं घट्ट होतं. त्या घरातला तो माझा तिसरा हिवाळा होता आणि रोज पहाटे बरणी चुलीजवळ ठेवून तेल पातळ करायचं काम माझंच होतं. त्याही दिवशी मी चुलीपुढे बसलो होतो. बरणी हातात होती. तिरपी केली, आतलं हललं नाही. पळी उभी राहिली. आणि त्याच वेळी बाहेर भाऊंनी गाडीला किक मारली.

मी ओरडलो नाही.

एकदाच चुकलो असतो तरी गोष्ट वेगळी होती. पण गाडी लगेच निघाली का? नाही. आळीतले लोक जमत होते. भाभी म्हणाल्या, चहा घेऊन जा. मी चहा दिला. भाऊंच्या हातात कप मी दिला, कप परत मी घेतला. त्यांनी विचारलं, "काऊन रे, गप गप? भेव वाटते काय?" मी म्हटलं, थंडी वाजतेय. थांबा, गाडी घंटाभर उन्हात ठेवू — एवढंही म्हणता आलं असतं. कारण न सांगता म्हणता आलं असतं! ते मला आत्ता सुचतंय असं नाही, तेव्हाच सुचलं होतं. मग ‘का’ असं विचारतील, ‘का’ म्हटल्यावर मी काय सांगू, सांगताना तोंड कसं होईल, तोंड बघून भाभींना बरणी आठवेल — माझं डोकं असं एकेक पाऊल पुढं जात राहिलं आणि गाडी निघाली.

नाल्यापर्यंत गेली, त्याच्या पुढेही गेली. पहिला दगड चढले, दुसरा. पाय वर. अंग असं पुढे वाकवलेलं, जसं काही कुणाच्या कानात सांगताहेत. मी मागून चालत होतो आणि मला वाटलं — बघा, माणूस काय असतो — मला वाटलं, सुटलो. मग इंजिन किंचाळलं. मागचं चाक जागच्या जागी धरलं गेलं, भाऊंनी पाय टाकला, पण गाडी आधीच कलली होती. उजवा हात दगडावर, हातावर गाडी.

त्यांना खाटेवर घालून हाडं बसवणाऱ्याकडे नेलं. सगळे गेले. मी म्हटलं, मी गाडी घरी नेतो.

आणि घरी, चिंचेखाली, मी तेलाची नळी सोडली. टाकीतलं तेल उन्हानं सैल व्हायला लागलं होतं, पण नळीच्या वळणात पांढरा गोळा तसाच होता. बोटाच्या पेराएवढा. मी तो कामटीनं काढला. तीच कामटी. टाकी रिकामी केली, तेल पुरलं, सगळं घासलेटानं दोनदा धुतलं, पुसलं, डब्याच्या तळाशीही घासलेट फिरवलं. घाबरून केलं असं म्हणू? इतकं स्वच्छ काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं.

संध्याकाळी भाऊ आले, हात बांबूच्या पट्ट्यांत बांधलेला. गाडी धुतलेली बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजाऱ्यांना म्हणाले, "पाह्य, कोनी सांगतलं नाई, तरी पोरानं सारी गाडी धुवून ठेवली. माह्या पोटचा असता तर काय जास्त करता?" पुढे कितीतरी वर्षं ते ही गोष्ट लोकांना सांगायचे. माझ्यासमोर.

इंजिन उघडलं ते डाव्या हातानं, माझ्या मदतीनं. पिस्टनवर ओरखडे, जागोजागी चिकटलेला. त्यांनी तो उन्हात धरून खूप वेळ फिरवला. मी बाजूलाच होतो. मग म्हणाले, "घट्ट बसवला मीच. हातानं दगा देल्ला."

मी म्हटलं, "होतं असं, भाऊ."

होतं असं!

हाड जुळलं, जरा वाकडं. त्याचं काही नव्हतं, वाकड्या हातानं लोक शेती करतात. पण भाऊंनी परत कुठलंच यंत्र उघडलं नाही. कुणी शिलाईची मशीन घेऊन आलं तर म्हणायचे, माझा हात आता खोटा झाला, कोकन्याजवळ द्या. हत्यारांची पेटी त्यांनीच माझ्यापुढे सरकवली. त्या पेटीवर माझं लग्न झालं, घर झालं, मुलं शिकली. गाडीचा सांगाडा चिंचेला टेकून राहिला, त्यावर भाभींनी वालाचा वेल चढवला. शेंगा चांगल्या यायच्या. भाभींना कळलं होतं का? माहीत नाही. भज्यांची ती थट्टा त्यांनी पुन्हा कधी केली नाही, एवढं मात्र खरं.

भाऊ म्हातारे झाले तरी रोज माझ्या दुकानात येऊन बसायचे. तोवर गावात मोटरसायकली आल्या होत्या. एकदा मी एक पिस्टन बसवत होतो आणि गिऱ्हाइकाशी बोलायला उठलो. परत आलो तर भाऊंनी तो हातात घेतलेला. तेलाचं बोट लावलं, नळकांड्यात सोडला आणि मान वाकडी करून बघत बसले. तो उतरला. घाई नाही, थांबणं नाही. त्यांचा चेहरा एक क्षण अंगणातला झाला, चिंचेखालचा.

मग मी दिसलो तसे दचकले. पिस्टन काढून माझ्यापुढे धरला. म्हणाले, "बरोबर वाटते मले. पन माह्या सांगन्यावर नको जाऊ, बापा. तू पाह्यून घे."

तो बरोबर होता. मी बघताच ओळखलं होतं.

तरी मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि त्यांच्यासमोर पुन्हा घालून पाहिला.