तव्यावर पाझरलेलं काळीज

आमच्या घरात मासा कापला की काळीज थोरल्या माणसाला. बाप गेल्यापासून ते माझ्याच ताटात पडतं. त्यामुळं माशाचं काळीज कसं लागतं हे मला कुणी शिकवू नये.

पेठकडच्या आमच्या शेततळ्यात पोरानं पंगस जातीचे मासे सोडले. तो सातपूरला कामाला. सुट्टीला येताना फरसाणाच्या कारखान्यातला शेव-पापडीचा चुरा पोत्यात भरून आणायचा. आणायला मीच लावलं. मासेवाल्या खात्याचा साहेब सांगून गेला होता, गोळीखाद्य मापात टाका, तेलकट नको. मी म्हणालो, "गोळ्या आजाऱ्यानं खाव्या." लहानपणी आम्ही नागलीच्या पातळ आंबिलीवर दिवस काढले. माझ्या दारचं जितराब पोटभर खाणार, मग ते पाण्यातलं का असंना.

मासे असे फुगले की बघणारा थांबायचा.

उन्हाळ्यात सुनेनं एक कापला. काळीज तव्यावर टाकलं तर ते आवळायचं सोडून पाझरायला लागलं. तेलच तेल, मधे पिवळट चोथा.

"मामा, बघा. मी थेंबभर तेल सोडलेलं नाय."

"तवा तापला नसंल."

"तवा तापलाय. मासाच बिघडलाय."

ताटातलं टाकत नाही म्हणून मी तो चोथा खाल्ला. चव म्हणून लागली नाही.

पुढं विकायला जाळं ओढलं, तर धडधाकट दिसणारे मासे जाळ्यातच उलटे झाले. पोरानं दोन फाडले. पोटात पांढरी चरबी, काळीज फिकट, बोट लावलं की फुटणारं. त्यानं तिथूनच साहेबाला फोन लावला.

"बाबा, चुरा बंद. साहेब म्हणतो, थोडं न् बिनतेलाचं टाका, उरलेले सावरतील कदाचित."

"उपाशी मारायचे का?"

"खाऊनच मरायलेत ना."

आता सून मापानं खाद्य टाकते. मला तिकडं फिरकू नका म्हणतात. मी जातो. माझी सावली पडली की पाणी हलतं, सगळे तोंडं उघडून काठाला येतात. उघड्या तोंडासमोर रिकाम्या हातानं उभं राहायची मला सवय नाही. आणि टाकायला हात धजत नाही.

काल एक त्यांच्यात तिरपा पोहत होता. तो सरळ होतो का बघत बांधावर बसून राहिलो. सून जेवायला हाक मारायला आली. तिच्याकडं न बघता म्हणालो, "उद्या माप अजून कमी कर."