टाइल्सचा तबेला

मला घोडे आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून तबेला नसता, तर मी त्या शिंगराकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण तो तिथेच बांधला. माझ्या फोडणीवर घोड्याच्या मुताचा वास चढायला लागला आणि मला त्यात पडावंच लागलं.

आमचं घर ब्राह्मणपुरीत. माझे सासरे, म्हणजे आबा, जत्रेतून घोडी घेऊन आले. घोडी कसली, जेमतेम दीड वर्षाचं मादी शिंगरू. गळ्याखाली केसांचा एक भोवरा होता, त्याला घोडेवाले देवमण म्हणतात. देवमणाची घोडी दारात आली की तिच्यामागून लक्ष्मी येते, असा समज. आबांनी दात पाहिले नाहीत, खूर पाहिले नाहीत, चाल पाहिली नाही. भोवरा पाहिला आणि गावभर पेढे वाटले. पुढे वरातीत नाचवायची, एवढंच त्यांच्या डोक्यात.

ती जन्मल्यापासून माळावर, आईच्या पोटाला चिकटून, कळपात झोपलेली. छप्पर तिला ठाऊक नव्हतं. आबांनी तिच्यासाठी काय बांधलं, तर बाथरूमला लावून उरलेल्या चकचकीत टाइल्सची खोली, भिंतीवर देवाचा फोटो आणि पुढे किराणा दुकानाला असतं तसं लोखंडी शटर. पाहुण्यांनी तोंडात बोटं घातली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. पाहुण्यांनी घातलीही. आत उभं कोणाला राहायचंय, याचा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही.

रोज दिवेलागणीला तमाशा. दोघं पुढून ओढायचे, एक मागून ढकलायचा. आत पाय पडला की टाइल्सवर खूर घसरायचे, चारी पाय चार दिशांना जायचे. मग खडाखडा आवाज करत शटर खाली. घाबरून ती तिथल्या तिथे मुतायची. फरशीला ना उतार ना मोरी, ते सगळं तिच्या खुरांखाली साचून राहायचं. वर सासूबाई डासांसाठी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करून शटरखालून पाटी आत सरकवायच्या. जीव जाईल जनावराचा, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, गायींना करतोच की. गाय उघड्या गोठ्यात असते हो, शटरमागे नसते!

सकाळी शटर वर गेलं की जो भपकारा यायचा, त्यानं डोळे चुरचुरायचे. ती कोपऱ्यात थरथरत उभी, डोळ्यांतून पाणी, मागच्या पायांना ओली लीद लडबडलेली. आणि आमची माणसं नाकाला रुमाल लावून तिचा व्हिडिओ काढायची, पाय दिसणार नाहीत अशा बेतानं. मला त्या लिदीची शिसारी यायची, पण त्या रुमालांची जास्त यायची.

एकदा मी विचारलंच, "आबा, इतला वास काबर येस?"

"घोडाना तबेलामा घोडानाच वास येई, गुलाबना नही," असं म्हणून ते खदाखदा हसले.

मग एका सकाळी शटरला मधोमध पोक आलेलं दिसलं. तिनं रात्रभर लाथा झाडल्या होत्या, टाचेवर कातडी सोलली होती. जखमेवर हळद लावायची सोडून चुलत सासऱ्यांना बोलावणं गेलं, का, तर त्यांना घोड्यातलं कळतं. ते तंबाखू मळून गालात धरत आले. त्याच हातानं आयाळ उलटीपालटी केली आणि एका जागी बोट ठेवून पचकन थुंकले.

"सापीण शे."

सापीण म्हणजे आयाळीखालचा सापासारखा लांबट भोवरा, घोडेवाल्यांच्या लेखी कपाळकरंटा. जत्रेतही तो तिथेच असणार, पण देवमण पाहणाऱ्यांना तेव्हा दिसला नव्हता. आता घरात कोणाला शिंक आली तरी घोडीमुळे. आबांनी तर हायच खाल्ली. "घोडी नही, सापीण लई उनू मी घरमा," घोडी म्हणून सापीण घरात आणली, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसायचे. शेवटी ठरलं, लग्नसराईच्या आत गुमान उभी राहायला लागली तर ठीक, नाहीतर वीटभट्टीवाल्याला देऊन टाकायची. शब्दही देऊन झाला.

वीटभट्टीचे घोडे मी शहाद्याच्या रस्त्यावर पाहिलेत. जोखडाखालचा खांदा, त्यातलं लाल मांस, त्यावर बसलेल्या माशा. मला घोडे आवडत नाहीत म्हणून काय झालं, डोळे तर आहेत ना.

आबा पंधरा दिवस सोयऱ्यांकडे गेले होते, तो मुहूर्त मी साधला. नवऱ्याला म्हटलं, शटर काढ. तो आधी घाबरला, मग पाना घेऊन आला. सगळी घाण आम्ही खरवडली. नाकात कापूर कोंबूनही दोनदा मला उलटी झाली. टाइल्सवर मुरूम, वर माती, वर उसाचं कोरडं पाचट. दाराला दोन आडवे बांबू, म्हणजे तिला अंगण दिसेल, माणसं दिसतील. धुरीची पाटी मी उचलून परसात ठेवली. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला, तेवढाच कानांना आराम.

मग ओढाओढी बंद. भर दुपारी, बांबू काढून, तिची चंदी, म्हणजे भिजवलेले हरभरे, आतल्या घमेल्यात ठेवायची आणि मी बाहेर तांदूळ निवडत बसायची. पहिल्यांदा तिनं नुसती मान आत घातली, हरभरे तोंडात भरून मागे सरली. मग पुढचे दोन पाय. मग सगळी आत गेली, पण अंगणात ताट पडलं तशी उधळून बाहेर. मी घमेलं पुन्हा भरलं. आतल्या कोपऱ्यात आमची शेळी बांधली. शेळी इतकी बेफिकीर रवंथ करायची, की हळूहळू घोडीलाही तिथे धीर यायला लागला. संध्याकाळीही ती आपणहून आत जायला लागली, तेव्हापासून मी पाठीमागे बांबू लावायची.

आबा परतले आणि कडाडले, "टाइलीसवर माती टाकी दिधी? याड लागनं शे का तुले?"

"आबा, तिना पाय मोडना ते वरातमा काय टाइली लई जाशात?"

सुनेनं इतकं बोलायचं नसतं. बोलून गेले खरी. ते पाय आपटत ओट्यावर जाऊन बसले.

त्यानंतर एका सकाळी मी बांबू काढले, तर तिच्या कुशीला आणि गालाला पाचट चिकटलेलं. म्हणजे रात्री ती आडवी झाली होती, डोकं टेकून झोपली होती. आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. मी शेळीला भाकरी दिली आणि आबांना हात धरून आणून दाखवलं. ते म्हणाले, "एक रात झोपनी म्हणीसन सापीण जाई का?"

आणि ती गुमान राहायला लागली असूनही दोन दिवसांनी भट्टीवाल्याची पिकअप दारात उभी राहिली. शब्द दिलाय, आता माघार कशी घ्यायची, हे आबांचं उत्तर. मी भांडले, नवरा खाली मान घालून उभा राहिला. गल्ली गोळा झाली, मोबाइल वर झाले. तिला फळीवरून गाडीत चढवायला गेले तर ती मागच्या पायांवर उभी राहिली, दोराला हिसका दिला आणि सुटली. सुटायला सगळं गाव मोकळं होतं. समोर रस्ता होता, रस्त्यापलीकडे केळीची बाग होती. ती मात्र वळली, माणसांच्या मधून धावली आणि थेट तबेल्यात शिरून शेळीच्या मागे जाऊन उभी राहिली.

लोकांनी टाळ्या पिटल्या. चुलत सासरे पुढे झाले आणि खडा आवाज काढून म्हणाले, "देखा, देवमण! लक्ष्मी घर सोडस का कधी?" आबांनी तिथल्या तिथे हात जोडले, भट्टीवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं. तंबाखूचं तेच बोट पुन्हा तिच्या गळ्याकडे निघालं. मी मध्ये आडवी झाले, सगळ्यांना बाहेर काढून दोन्ही बांबू लावले.

"आते मझार कोणी येऊ नका," मी म्हटलं. "ती दमनी शे."