सीटखालची रेती

जपानमधल्या भूकंप-त्सुनामीला वर्ष होत आलं तेव्हा तिथल्या त्सुकुबा शहरात सुलेखा एकटीच उरली होती. नवऱ्याची, विश्वनाथची, बँकेने मुंबईला बदली केली होती. मुलगी तेजश्री नोकरीसाठी ओसाकाला गेली. आईच्या मराठी मेसेजला दोन-चार जपानी शब्दांत उत्तर द्यायची. सुलेखा मात्र अडून राहिली. ओनो-सानांच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात ती गाड्या धुण्याच्या बाइतोवर, म्हणजे अर्धवेळ कामावर, लागली होती आणि चिकाटीने विक्रीपर्यंत पोचली होती. गाडीविक्रेत्यांच्या संघटनेची परीक्षाही तिने जपानीतून दिली होती. हे सगळं सोडून परत जाणं तिच्या जिवावर आलं.

म्हातारे ओनो-सान मितभाषी. दुकानात हसणं-बोलणं व्हायचं ते शनिवारी, त्यांचे जुने मित्र किमुरा आले की. तेही गाड्यांचेच व्यापारी. आल्या आल्या म्हणायचे, "सुलेखा-सान, आज चहा तुमच्याकडचा." ती आलं घालून चहा करायची आणि तिघं हीटरभोवती बसायची. आठवडाभरात तिच्याशी कामाशिवाय कुणी बोलायचं ते एवढंच.

फेब्रुवारीत ओनो-सानांनी लिलावातून एक छोटी पांढरी गाडी घेतली. विकणारे किमुराच होते. सुलेखा ती आतून साफ करायला बसली. मागच्या सीटखालचा गालिचा उचलला, तर खाली बारीक राखाडी रेती आणि खारट, कुबट वास. गाडी त्सुनामीच्या पाण्यात बुडालेली होती. अशी गाडी तसं लिहूनच विकायची, हा संघटनेचा नियम. किमुरांनी लिहिलं नव्हतं.

तिने ओनो-सानांना बोलावलं. त्यांनी रेती बोटांत चोळून पाहिली.

"किमुरा-सानांना माहीत नसेल," ती म्हणाली.

"गालिचा नवा आहे," ते म्हणाले आणि उठले.

गाडी कोपऱ्यात उभी राहिली. त्या शनिवारी ओनो-सानांनीच किमुरांना येऊ नका म्हणून कळवलं. संध्याकाळी त्यांनी सुलेखाला विचारलं, "तुम्ही काय कराल?"

सुलेखाने कोपऱ्यातल्या गाडीकडे पाहिलं. "परवा एक बाई या गाडीची चौकशी करून गेली. तिच्या कडेवर मूल होतं. तिला ही गाडी दाखवायला माझे हात धजणार नाहीत."

"मग संघटनेकडे तक्रार करावी लागेल. रेती कुणाला सापडली, असं विचारतील."

"माझं नाव सांगा."

तक्रार झाली. किमुरांचं सदस्यत्व गेलं, लिलावाची दारं बंद झाली आणि उन्हाळ्यापर्यंत त्यांचं दुकानही उठलं. ओनो-सान सुलेखाला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त शनिवारी आपला चहा टेबलावर नेऊन, खिडकीकडे तोंड करून पिऊ लागले.

डिसेंबरात संघटनेचं वार्षिक जेवण होतं. "तुम्हीच जा," ओनो-सान म्हणाले. अध्यक्ष ग्राहकांच्या विश्वासावर बोलले. टाळ्या पडल्या, तिनेही वाजवल्या. लोक येऊन अदबीने वाकत आणि आपापल्या घोळक्यात परतत. तिच्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी ती किमुरांच्या घरी गेली. दार त्यांच्या बायकोने उघडलं. तिने सुलेखाला ओळखलं असावं.

"ते हल्ली कुणाला भेटत नाहीत," ती हळू म्हणाली आणि खाली वाकली. सुलेखाही वाकली. मान वर केली तेव्हा दार लागलेलं होतं. आतून टीव्हीचा आवाज येत होता. काही वेळ ती तिथेच उभी राहिली, मग दुकान उघडायला गेली.