बाळाच्या मानेतला आकडा

बाळा घाडीची मान कुणापुढे वाकत नाही, असं आमच्या मंडळात पहिल्यापासून म्हणतात. यात कौतुक कमी आणि वैताग जास्त. तालमीला हा माणूस तासभर उशिरा येणार, सॉरी म्हणणार नाहीच, वर आपल्यालाच विचारणार, "सुरू नाय केलास अजून?" अशा माणसाच्या नेमक्या मानेलाच दुखणं लागलं, तेव्हा दोघा-चौघांना मनातून गंमत वाटली. खोटं कशाला बोलू, मलाही वाटली. पण ती फार टिकली नाही.

बाळा मालाड पूर्वेचा रंगारी. वडील गिरणीत होते. गिरणी गेली, परळची खोली गेली आणि कुटुंब मालाडला आलं. बाळाने ब्रश धरला, आणि त्यातही तो सिलिंगचा माणूस. भिंत कुणीही रंगवेल, पण छत एकसारखं रंगवायचं असलं की कॉन्ट्रॅक्टर त्यालाच फोन करतो. म्हणजे वर्षभर मान वर, आणि जत्रेच्या दिवसांत त्याच मानेवर मुकुट.

आमचं दशावतारी मंडळ हौशी. सगळे मालवणी, सगळे नोकरीधंदा सांभाळून नाचणारे. मी नितेश, बोरिवलीतल्या एका सोसायटीच्या ऑफिसात मेंटेनन्सच्या पावत्या फाडतो आणि रंगमंचावर राणी होतो. बाळा राजा. घरी तो जानकीवहिनींचा नवरा आणि जत्रेत माझा, हे वहिनीच सगळ्यांना हसून सांगतात. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. गोष्ट ठरवायची आणि उभं राहायचं. समोरचा काय विचारील ते कळत नाही, आणि ज्याला उत्तर सुचलं नाही तो मेला. त्यामुळे एकमेकांना अडकवण्यात आम्हाला मोठी मजा. बाळाला मात्र मी कधी अडकवू शकलो नव्हतो.

गेल्या जत्रेत त्याने तलवार उपसली आणि ती हातातून गळून पडली. मी राणीच्या आवाजात म्हटलं, "महाराज, क्रोध आवरलात हे बरं केलंत." टाळ्या पडल्या. आत गेल्यावर तो आपल्या बोटांकडे बघत होता. "नितेश, हात माझोच नसल्यासारखो वाटता रे." त्याचा आवाज ऐकून माझी गंमत तिथेच जिरली.

मानेतली गादी सरकून शीर दाबली गेली होती. ऑपरेशन करायचं ठरलं. डॉक्टर श्वेता मॅडमनी समजावलं की खराब गादी काढून दोन मणक्यांच्या मध्ये टायटॅनियमची छोटी पोकळ ठोकळी बसवायची, मग हाड वाढून दोन्ही मणके जोडले जातात. त्यांच्याकडे एक अभ्यास चालू होता. त्यातल्या ठोकळीत कणीएवढा सेन्सर असायचा आणि तिच्यावर किती भार पडतो ते तो फोनवर दाखवायचा. नको म्हणालात तर नेहमीची बसवू, काळजी तेवढीच घेऊ, असंही त्या म्हणाल्या. बाळा लगेच हो म्हणाला. आपल्या मानेवर अभ्यास होणार, याचा त्याला अभिमान वाटला.

वहिनींना एकच शंका होती. "बाई, ह्येका चार्जिंग कसा करूचा? मानेत वायर घालूची काय?"

मॅडम हसल्या. सेन्सरला बॅटरीच नव्हती. रोज सकाळी गळ्याभोवती एक पट्टा पाच मिनिटं लावायचा, तोच सेन्सरला जागं करतो आणि आकडा फोनवर पाठवतो. फोनवर भाराची एक रंगीत पट्टी दिसायची. "पट्टी एकदम वर गेली तर मला फोन करा," एवढं त्यांनी बजावून सांगितलं. खाली गेली तर काय, हे कुणी विचारलं नाही.

ऑपरेशन गणपती झाल्यावर पार पडलं आणि छान पार पडलं. बोटांत जीव आला. बाळा शर्टाची बटणं स्वतः लावायला लागला, तर त्याची मुलगी श्रुतिका त्याचा व्हिडिओ काढून नातेवाइकांत फिरवत बसली. कॉन्ट्रॅक्टरने त्याला शिडीवरून खाली उतरवून देखरेखीला ठेवलं, तेही त्याला मानवलं. दुसऱ्यांच्या कामात चुका काढायची आवड होतीच. माघातल्या जत्रेला राजा मीच, असं त्याने सगळ्यांना सांगून टाकलं.

आणि दिवाळीनंतर तो तालमीला यायचा बंद झाला. फोन केला की काहीतरी कारण. शेवटी एका रविवारी मुकुट कापडात बांधून माझ्या घरी आला. त्याच्या आजोबांचा तो लाकडी, काचा जडवलेला मुकुट.

"ह्यो तुझ्याकडे ठेव. आणि माझा नाव काढून टाक."

"काय झाला ता तरी सांगशील?"

त्याने फोन काढून दाखवला. पट्टी खाली आली होती. आठवड्यामागून आठवडा खाली. "रोज उतरता. आतली वस्तू संपत इली. परत कापूक लागतला. मी घरात काय सांगूक नाय." पुढच्या आठवड्यात तपासणी होती, तिकडेही तो जाणार नव्हता. ज्या माणसाने भरल्या मैदानात राक्षस आडवे केले, तो माझ्या सोफ्यावर बसून एका पट्टीला घाबरला होता. मला त्याची दया आली आणि रागही आला.

मी म्हटलं, "मोबाईल संपत इलो की तू चार्जर शोधतंस ना? मग हय डॉक्टर शोध." त्याने ऐकलं नाही. तेव्हा मी वहिनींना सांगण्याची धमकी दिली. ती बरोबर लागली.

दवाखान्यात बाळाने डोळे मिटूनच फोन पुढे केला. मॅडमनी पट्टी पाहिली, आपल्या कॉम्प्युटरवरचा आलेख पाहिला आणि खुशीत म्हणाल्या, "वा, झकास!"

बाळाने डोळे उघडले.

"घाडी, सुरुवातीला तुमच्या डोक्याचा भार ती ठोकळी एकटी पेलत होती, म्हणून आकडा मोठा होता. आता हाड धरलंय. भार हाड घ्यायला लागलंय, म्हणून हिच्या वाट्याचा कमी होतोय. उतरायलाच हवा तो."

बाळा तिथेच रडला. रडताना मान हलवायची नाही हे लक्षात ठेवून, ताठ बसून रडला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण मी राणी, मला सवय आहे. मॅडम मात्र कावऱ्याबावऱ्या झाल्या. पट्टी उतरली तर घाबरू नका, हे आधीच सांगायला हवं होतं, असं त्या दोनदा म्हणाल्या.

मग त्याने मुकुटाचं विचारलं. मॅडमनी वजन विचारलं आणि सरळ नाही म्हणाल्या. नाटक करा, बोला, हळू चाला, पण डोक्यावर ओझं यंदा नाही. बाहेर आल्यावर मी पुठ्ठ्याचा मुकुट सुचवला. बाळा माझ्याकडे असा बघत राहिला की मी पुन्हा विषय काढला नाही.

जत्रेत दहाला लाउडस्पीकर बंद होतो, म्हणून आम्ही सातलाच पडदा उघडला. पुढच्या रांगेत वहिनी, श्रुतिका आणि मुद्दाम आलेल्या श्वेता मॅडम. बाळा राजाच्या पूर्ण पोशाखात आला आणि डोकं उघडं. मैदानात कुजबुज सुरू झाली. दशावतारात मुकुटाशिवाय राजा कुणी पाहिलेला नव्हता. आता सापडला, असं मला वाटलं. मी पदर सावरला.

"महाराज, आज मस्तक असं उघडं? राजमुकुट कुठे ठेवलात?"

तो थांबला. मला वाटलं, उगाच विचारलं.

"महाराणी," तो शांतपणे म्हणाला, "मुकुट असला की लोक मुकुटालाच मुजरा करतात. आज त्यांना मान बघू दे. बरेच दिवस ती उसन्या आधारावर उभी होती. आता आधार हळूहळू बाजूला होतोय आणि हाड आमचं आहे. ज्यांनी ती उभी केली, त्यांच्यापुढे ती वाकते."

आणि हात जोडून बाळा घाडीने पुढच्या रांगेकडे मान वाकवली. थोडीशीच.

"जास्त वाकवू नकात!" जानकीवहिनी खालून ओरडल्या.

अख्खं मैदान हसलं, मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. बाळा माझ्याकडे वळून पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहिला, आणि मला काही म्हणजे काही सुचलं नाही. पेटीवाल्याने सूर धरला म्हणून माझी लाज राहिली.