फक्की सर

सरांच्या पॅंटच्या तळाला कायम पांढरी फक्की लागलेली असायची. लग्नाला जावोत की प्राचार्यांच्या बैठकीला, घोट्यापासून खाली माणूस पांढराच. मैदान आखायच्या त्या भुकटीनंच त्यांचं बारसं केलं होतं. देवपुरातल्या आमच्या कॉलेजात त्यांच्या दारावर 'क्रीडा संचालक' अशी पाटी होती, पण शिपायापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे त्यांना फक्की सरच म्हणायचे. तेही खुशाल ओ द्यायचे.

रोज सकाळी सुतळी ताणून, डबा हलवत हलवत ते खो-खोचं मैदान स्वतः आखायचे. खेळायला कुणी येवो न येवो. रेघ बोटभर वाकली तरी पायानं पुसायची आणि पुन्हा मारायची. आम्ही मुली आपल्या ताटकळत उभ्या. "सर, चालतंय की!" असं कुणी म्हटलं, की वर न बघता म्हणायचे, "तुला चालतं गं, मला नाही चालत." आणि त्या रेघेच्या आत खेळाडूंशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही. एकदा संस्थेचे अध्यक्ष फोनवर बोलत बोलत मैदानात शिरले. सर हात जोडून म्हणाले, "साहेब, त्या झाडाखाली रेंज चांगली शे." अध्यक्ष बिचारे खरंच झाडाखाली जाऊन बोलत बसले.

रागावले किंवा फार खूश झाले, की सर अहिराणीत शिरायचे, 'आहे'चं 'शे' व्हायचं. मी बोदवडकडची, केळी-कापसाच्या घरातली. आमची बोली निराळी. त्यामुळे सुरुवातीला सर शाबासकी देतायत की झापतायत, हे मी त्यांच्या भुवयांवरून ठरवायची.

आमच्या कॉलेजचा मुलींचा संघ तोवर कधी बाहेरगावी गेलाच नव्हता. मुली न्यायच्या तर सोबत महिला व्यवस्थापक हवी, असा नियम. आणि एक मॅडम तयार होईल तर शपथ! त्या वर्षी पाचोऱ्याच्या स्पर्धेसाठी सरांनी एका मॅडमना कसंबसं राजी केलं होतं. आदल्या संध्याकाळी त्यांचा निरोप आला, सासूबाई घसरून पडल्या, येणं जमत नाही. झालं! माझ्या वडिलांनी, आबांनी, मला एकाच अटीवर परवानगी दिली होती. फोनवर त्यांनी पुन्हा तेच विचारलं, "संग कोनी बाई हाये का? नसंल तं मंग नाही." मी मैदानातल्या खांबाला टेकून ढसाढसा रडले. मला खेळायचं होतं हो, दुसरं काही नको होतं. सर म्हणाले, "सकाळी थांब्यावर तर ये." डबा उचलून घरी गेले.

सकाळी एसटीच्या थांब्यावर आले ते काकूंना, म्हणजे स्वतःच्या बायकोला घेऊन. काकूंनी माहेर सोडलं तर कुठं मुक्काम केलेला नव्हता. काखेत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरींचं गाठोडं, हातात ताकाची किटली. प्राचार्य फोनवर खवळले, घरची बाई कशी चालेल म्हणून. सर म्हणाले, "नियमात महिला म्हटलंय, सर. प्राध्यापिका म्हटलेलं नाही. मी सतरांदा वाचलाय." मग काकूंनी माझ्या हातातला फोन घेतला आणि आबांना सांगितलं, "भाऊ, काळजी नका करू. मी शे ना!" पलीकडून आबा म्हणाले, "मंग न्या, अक्का."

आता व्यवस्थापकबाईंचा प्रताप ऐका. सामना ऐन रंगात, मी खांबांमधून पळतेय, आणि काकू ताकाचा पेला घेऊन सरळ मैदानात! शिट्टी वाजली. पंच धावले. काकू त्यांनाच म्हणाल्या, "पोरगी लालेलाल झाली, तुम्हाला रेघेचं पडलंय!" सगळे सरांकडे बघू लागले. सर पंचांना म्हणाले, "बरोबर शे. आमच्या संघाला ताकीद द्या." आम्ही हरलो. परतीच्या वाटेवर काकू नवऱ्याशी चकार शब्द बोलल्या नाहीत, आमच्याजवळ बसून भाकरी वाढत राहिल्या. पुढच्या वर्षी मात्र त्यांनीच विचारलं, "औंदा कुठं जायचंय?" त्यानंतर त्यांनी एकही दौरा चुकवला नाही. फक्त रेघेपाशी आल्या की पदर सावरून थांबायच्या.

मी शिकले, शाळेत खेळ शिकवू लागले. सरांची निवृत्ती जवळ आली. अशा जागा एकदा रिकाम्या झाल्या की वर्षानुवर्षं रिकाम्याच राहतात, आणि सगळ्यात आधी बंद पडतो तो मुलींचा संघ. सरांना दुसरी कसली काळजी नव्हती, पण ही एक त्यांना खात होती. जागा भरा म्हणून ते संस्थेत खेटे घालत राहिले. मग मला फोन, "जाहिरात आली शे. अर्ज कर." त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला का? छे! मुलाखतीच्या दिवशी तर ते कॉलेजच्या वाऱ्यालाही उभे राहिले नाहीत. तात्पुरती का होईना, मी लागले, तेव्हा पेढे मात्र त्यांनी वाटले.

त्यांच्या शेवटच्या सकाळी आम्ही दोघं मैदानावर होतो. काकूही आल्या होत्या, नेहमीसारख्या बाहेर उभ्या. सातपुड्याच्या पायथ्याचा एक बाप आपल्या पोरीला घेऊन आला. पुढच्या आठवड्यात संघ जाणार होता. त्यानं चाचरत मला विचारलं, "बाई, पोरींसोबत कोण राहील?"

"भाऊ, काळजी नका करू. मी आहे ना."

सुतळी ताणत वाकलेले सर उभे राहिले. माझ्याकडे बघितलं आणि फक्कीचा डबा माझ्या हातात दिला. "आज तू मार."

मी डबा हलवत निघाले. खांबापाशी रेघ चांगली हातभर वाकली. मी ती पुसायला पाय पुढे केला, तर सरांनी माझा दंड धरला. वाकून त्यांनी ती रेघ नीट बघितली.

"राहू दे," ते म्हणाले. "सरळ शे." आणि ती रेघ ओलांडून बाहेर काकूंपाशी जाऊन उभे राहिले.